मोताळ्यातून डोंगर, मोताळ्यातून समुद्र: कुटुंबाच्या सहलीआधी समजून घ्यायच्या गोष्टी

वार्षिक परीक्षा संपली की मोताळा तालुक्यातल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो, यंदा कुठं जायचं? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. मामूंकडे मलकापूरला, खालाकडे बुलढाण्याला, नाहीतर फुफूकडे भुसावळला. चार दिवस राहायचं आणि परत यायचं. यात वाईट काहीच नाही. नाती जपणं, म्हणजेच सिला-रहमी, आपल्या दीनने सांगितलेलीच गोष्ट आहे. पण आता मुलांच्या हातात मोबाईल आहे. धुक्यातला घाट, धबधबा, समुद्राची लाट त्यांना रोज दिसते. आणि मुलं विचारतात, "अब्बू, आपण कधी जाणार?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. जमिनीवर फिरा आणि अल्लाहने निर्मिती कशी केली ते पाहा, अशा अर्थाचं आवाहन कुरआनात आलेलं आहे. कुटुंबाला घेऊन हलाल कमाईतून, उधळपट्टी न करता केलेला सफर ही चांगलीच गोष्ट आहे. सहलीला पैसा लागतोच. पण अनेकदा त्याहून जास्त कमी पडते ती माहिती. कुठं, कधी, कसं जायचं हे माहीत नसतं. तिथलं पाणी आणि तिथला डोंगर कसा वागतो, हेही माहीत नसतं.

ही दुसरी गोष्ट जीवाशी संबंधित आहे. आपण कोरड्या भागातली माणसं आहोत. विहीर, पावसाळ्यात वाहणारी नदी, तालुक्यातलं नळगंगा धरण, एवढीच आपली पाण्याची ओळख. समुद्र रेल्वेने जवळपास पाचशे किलोमीटर लांब. किनाऱ्यावरचं मूल लहानपणापासून लाट ओळखतं, आपलं मूल ती पहिल्यांदाच पाहतं आणि आनंदाने थेट आत पळतं. म्हणून या लेखात ठिकाणांची माहिती आहेच, पण त्यासोबत पाणी आणि घाट समजून घेण्यावर जास्त भर आहे.

आधी घराजवळचं पाहू

सहल म्हणजे लांबच जायला हवं असं नाही. मोताळा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. राजूर घाट चढून बुलढाण्यात पोहोचलं की हवेतला फरक लगेच जाणवतो. पावसाळ्यात हाच घाट हिरवागार होतो आणि छोटे धबधबे सुरू होतात.

बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. साधारण 205 चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबट्या, अस्वल, नीलगाय आहेत. 2019 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत, शेतं आणि रस्ते ओलांडत इथपर्यंत आला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे वन विभागाला त्याचा पूर्ण मार्ग समजला. मुलांना जंगलात नेताना ही गोष्ट सांगा, त्यांना ते जंगल वेगळं दिसेल.

आपल्याच जिल्ह्यात लोणार आहे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून पडलेल्या उल्केच्या धडकेने बेसॉल्ट खडकात हे विवर तयार झालं. त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर बातम्या आल्या. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, असं नंतर तपासणीत कळलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. परदेशातून लोक इथं अभ्यासाला येतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी ते पाहिलेलं नाही.

घाटाच्या दुसऱ्या बाजूला अजिंठा लेणी आहेत. पुढे वेरूळ, खुलताबाद आणि म्हैसमाळ एकाच फेरीत होतात. खुलताबादमध्ये सूफी बुजुर्गांचे दर्गे आहेत, औरंगजेबाची साधी कबर आहे आणि मलिक अंबरचा मकबराही आहे. म्हैसमाळ हे जवळचं थंड हवेचं ठिकाण. एक गोष्ट लक्षात ठेवा: अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. लहान मुलांना घेऊन तिथवर जायचं आणि कुलूप बघून परतायचं, असं व्हायला नको.

पहिल्यांदाच कुटुंबासह बाहेर पडणार असाल तर अशा एक-दोन दिवसांच्या सफरीने सुरुवात करा. मुलांना गाडी लागते का, दादीचे गुडघे किती चालू देतात, रोजचा खर्च किती येतो, हे सगळं त्यात कळतं. मग लांबचा बेत नीट आखता येतो.

विदर्भाचा डोंगर: चिखलदरा

मे महिन्यात मोताळा-मलकापूरच्या सपाट भागात ऊन अंगावर येतं. डोंगरावर थंड का वाटतं? हवा जसजशी वर जाते तसतशी विरळ आणि थंड होते. साधारण हिशोब असा की दर हजार मीटर उंचीला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या पट्ट्यापेक्षा पाच अंशांच्या आसपास फरक, आणि झाडी आणि वारा वेगळाच. दुपारी ऊन तिथंही असतं, पण सकाळ-संध्याकाळ सुखाची जाते.

मोताळ्याहून मलकापूर, अकोला, अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता आहे. परतवाड्यानंतर घाट सुरू होतो. मुलांना घेऊन जायचं तर जाण्याचा एक पूर्ण दिवस धरावा.

चिखलदऱ्याला नुसता देखावा नाही, इतिहासही आहे. जवळचा गाविलगड किल्ला बहमनी सुलतान अहमदशाह वलीच्या काळात, 1425 च्या सुमारास बांधला गेला. पुढे फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क यांनी वऱ्हाडात इमादशाही उभी केली. ते जन्माने विजयनगरकडचे, लढाईत कैद होऊन वऱ्हाडात आले आणि मोठे होऊन इथले राज्यकर्ते झाले. त्यांच्या काळात अचलपूर, म्हणजे जुनं एलिचपूर, हे मोठं केंद्र होतं. गाविलगडावर पडक्या अवस्थेतली मोठी मस्जिद आजही उभी आहे. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकला. वऱ्हाडचा मुसलमान म्हणून हा आपल्याच मातीचा इतिहास आहे. मुलांना तो पुस्तकात फारसा सापडत नाही, म्हणून तिथं उभं राहूनच सांगा.

चिखलदऱ्याच्या भोवती मेळघाट आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. जंगलात जायचं तर वन विभागाच्या ठरलेल्या फाटकातून, परवानगी आणि गाईड घेऊनच. तिथं चूल पेटवणं, मोठ्याने गाणी लावणं, माकडांना खाऊ देणं चालत नाही. दस्तरखान अंथरायचा तर जंगलाबाहेर, आणि उठताना कागद-प्लास्टिक पिशवीत भरून परत आणायचं. स्वच्छता आपल्या ईमानाचा भाग आहे हे आपण मुलांना सांगतो. सहलीत ते करून दाखवायची वेळ असते.

घाटात गाडी चालवताना

आपल्याकडे अनेक कुटुंबं ओळखीची गाडी भाड्याने घेतात, किंवा घरातलाच मुलगा चालवतो. सपाट रस्त्यावर चांगली गाडी चालवणारा घाटात चांगली चालवेलच असं नाही.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची सवय जीवघेणी आहे. सतत ब्रेक दाबल्याने ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं. धुक्यात वरची लाईट लावली तर उजेड धुक्यावर आदळून डोळ्यांवर येतो, म्हणून खालची लाईट लावा. वळणावर हॉर्न द्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

रात्रभर गाडी चालवून सकाळी पोहोचायचा बेत टाळा. 1 जुलै 2023 च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवाशांचा जीव गेला. तेव्हापासून आपल्या भागात ती आठवण ताजी आहे. खासगी बसने जात असाल तर बसल्याबरोबर संकटकालीन दार कुठं आहे आणि काच फोडायचा हातोडा कुठं आहे, हे मुलांनाही दाखवून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर फज्र पढून निघा आणि मगरिबच्या आत मुक्कामी पोहोचा. हा हिशोब नमाजालाही सोयीचा आणि जीवालाही.

धबधबा कधी फसवतो

30 जून 2024 हा रविवार होता. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला गेलेल्या एका मुस्लिम कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक महिला आणि चार मुलं. ते एकमेकांना घट्ट धरून पाण्याच्या मधोमध उभे असलेला व्हिडिओ देशभर पाहिला गेला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्या घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध लावले.

आपण यातून समजून घ्यायचं ते असं. धबधब्यात पाणी किती येणार हे आपल्या डोक्यावरच्या पावसावर ठरत नाही. वर डोंगरात, दोन-तीन किलोमीटर मागे, किती पाऊस पडतोय त्यावर ठरतं. खाली ऊन असलं तरी वरून लोंढा येऊ शकतो. काही मिनिटांपूर्वी घोट्याएवढं असलेलं पाणी कमरेला लागतं. आणि वाहतं पाणी गुडघ्याच्या वर गेलं की धडधाकट माणसाचाही पाय सुटतो, कारण खालचे दगड शेवाळाने निसरडे असतात.

लोंढा येण्याआधी काही खुणा दिसतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं. पानं, काटक्या वाहून येऊ लागतात. पाण्याचा आवाज बदलतो, घरघर वाढते. यातलं एक जरी दिसलं तरी सामान तिथंच टाकून लगेच काठावर यायचं. ज्या बाजूला आपली गाडी आणि रस्ता आहे त्याच बाजूला राहायचं, प्रवाह ओलांडून पलीकडे जायचंच नाही. मधल्या खडकावर फोटोसाठी मुलांना उभं करायचं नाही. पाणी वाढल्यावर तो खडक बेट होतो आणि सुटकेची वाट राहत नाही.

हेच राजूर घाटातल्या छोट्या धबधब्याला लागू आहे आणि नळगंगेलाही. धरणाचं पाणी संथ दिसतं, पण तळ कुठं अचानक खोल होतो ते वरून कळत नाही, आणि गाळात पाय रुतला तर पोहणाराही अडकतो.

समुद्र: आपल्याकडच्या माणसाने आधी काय ओळखावं

मलकापूर स्टेशन आपल्याला जवळ आहे ही मोठी सोय. विदर्भ एक्सप्रेस, अमरावती-मुंबई एक्सप्रेस अशा गाड्यांनी रात्री बसलं की सकाळी मुंबई. तिथून रायगड जिल्ह्यातलं अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, किंवा रत्नागिरी जिल्ह्यातलं दापोली, हर्णै गाठता येतं. कोकण रेल्वेने मुरूडला जायचं तर रोहा स्टेशन जवळ पडतं. एक गफलत होते ती टाळा: मुरूड नावाची गावं एकापेक्षा जास्त आहेत. जंजिऱ्याचं मुरूड रायगडमध्ये, दुसरं दापोली तालुक्यात समुद्रकाठी. खोली ठरवताना जिल्हा विचारून घ्या.

मुरूडजवळचा जंजिरा किल्ला आपल्या वाचकांनी जरूर पाहावा. अरबीत बेटाला 'जज़ीरा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. आफ्रिकेच्या हबशी भागातून आलेल्या सिद्दींनी इथं राज्य केलं आणि 1948 मध्ये हे संस्थान भारतात विलीन झालं. चारही बाजूंनी खारं पाणी आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे तलाव, हे पाहून मुलं थक्क होतात. राजपुरीच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. पावसाळ्यात त्या बंद असतात. शुक्रवारी जाणार असाल तर जुम्याच्या वेळेचं वेळापत्रक आधी विचारून घ्या.

या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरांत मराठी-कोकणी बोली चालते, ताटात ज्वारीऐवजी तांदळाची भाकरी, मासे आणि नारळाचं वाटण. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली भागात मस्जिद आणि हलाल जेवण शोधायला त्रास पडत नाही. आपल्या मुलांनाही कळतं की मराठी बोलणारा मुसलमान फक्त वऱ्हाडात नाही.

आता पाण्याबद्दल. 1 फेब्रुवारी 2016 रोजी याच मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं, दिवसाची वेळ होती. हिवाळ्यातला शांत समुद्रही अनोळखी माणसाला गिळतो, तो कसा ते समजून घेऊ.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. एका भरतीपासून दुसरी सुमारे साडेबारा तासांनी. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे शेजाऱ्याने मागच्या आठवड्यात सकाळी दहाला सुरक्षित पाहिलेली जागा या आठवड्यात सकाळी दहाला पाण्याखाली असू शकते.

भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्याच्या ओढीने होते. अमावस्या आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास फरक कमी असतो, त्याला भांग म्हणतात. आपल्याला यासाठी वेगळं पंचांग लागत नाही, घरातलं हिजरी कॅलेंडर पुरतं. आपले महिने चंद्राचेच आहेत. चांद दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी अमावस्या होते, आणि अय्यामे-बीजचे 13, 14, 15 हे दिवस पौर्णिमेचे. म्हणून चांदरातीच्या आसपासचे दिवस आणि 13 ते 17 तारीख हे उधाणाचे दिवस समजा. 7-8 आणि 21-22 तारखेच्या आसपास समुद्र त्या मानाने कमी ओढतो.

किनाऱ्यावरचे जाणते लोक भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि मध्ये दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा ढोबळ अंदाज आहे. त्या दिवसाची नेमकी वेळ मोबाईलवर बघा आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवाला किंवा जीवरक्षकाला विचारूनच पाण्याजवळ जा.

दुसरी गोष्ट, परतीचा प्रवाह. लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे आणतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूतल्या एखाद्या अरुंद खोलगट जागेतून जोरात समुद्राकडे धावतं. गंमत अशी की त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस म्हणतो, "इथं लाटा नाहीत, इथंच मुलांना खेळू द्या." तीच सगळ्यात धोक्याची जागा असते.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत समुद्राकडे नेतो. घाबरून किनाऱ्याकडे उलटं पोहायला गेलं की माणूस दमतो आणि बुडतो. अशा वेळी ताकद वाचवायची, पाठीवर तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं. प्रवाहाची पट्टी अरुंद असते, तिच्या बाहेर पडलं की लाटाच किनाऱ्याकडे आणतात.

काठावर असणाऱ्याने मागचा-पुढचा विचार न करता उडी मारू नये. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असं करत घरातले तीन-चार जण जातात. रिकामा पाण्याचा कॅन, थर्माकोलचा डबा, दोरी, गाठ मारलेल्या ओढण्या, जे हाताशी असेल ते फेका. जीवरक्षकाला बोलवा आणि 112 ला फोन लावा.

आपल्या बहिणींसाठी एक वेगळी सूचना. बुरखा, अबाया, साडी किंवा घेरदार सलवार पाण्यात भिजली की जड होते आणि पायात अडकते. म्हणून लाटेत घोट्याच्या वर जाऊ नका. परदा सांभाळून समुद्राचा आनंद वाळूवर बसूनही पुरेपूर घेता येतो. आणि मुलांवर लक्ष ठेवायला एक मोठा माणूस नेमून द्या, जो त्या वेळात मोबाईल हातात घेणार नाही. सगळेच बघतायत असं वाटतं तेव्हा खरं तर कुणीच बघत नसतं.

कधी कुठं जावं

मे महिन्यात डोंगर बरा. कोकणात तेव्हा घामाने जीव नकोसा होतो. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. दर्यावर पोट असलेला माणूस ज्या काळात होडी काढत नाही, त्या काळात आपण मुलांना लाटेत नेऊ नये. पावसाळ्यात घराजवळचा घाट आणि लोणार पाहावं, पाण्यापासून अंतर ठेवून.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणासाठी चांगला काळ. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीन निघालेलं असतं, पण कपाशीची वेचणी सुरू झालेली असते. शेतकरी घरांनी हे धरूनच चार दिवस काढावे लागतात. हिजरी साल इंग्रजी सालापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान आणि दोन्ही ईदा दरवर्षी तेवढ्या आधी येतात. तिकीट काढण्याआधी तेही बघून घ्या.

खर्चाचा हिशोब

सहलीसाठी व्याजी कर्ज काढू नका. दुसऱ्याचं स्टेटस पाहून बेत मोठा करू नका. मोहल्ल्यातल्या बायका बीसी टाकतात, तशीच सहलीची बीसी घरातल्या घरात वर्षभर टाकता येते. प्रवास, मुक्काम, जेवण, तिकिटं-होडी असे चार भाग करा आणि एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाइतके पैसे आजारपण किंवा गाडी बिघडण्यासाठी वेगळे ठेवा.

एसटीच्या सवलती माहीत असू द्या. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि 75 च्या वर मोफत. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं. दादी, अम्मी आणि दोन मुलं असतील तर किती वाचतं ते मांडून पाहा. 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' नावाचा चार आणि सात दिवसांचा पासही मिळतो, त्याची चौकशी आगारात करा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. लोणार आणि चिखलदऱ्याला पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. कुठंही खोली घ्याल तर पैसे भरल्याची पावती मागा आणि सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा.

नमाज, जेवण आणि अम्मीची सुट्टी

सफरमध्ये शरीयतने सोय दिली आहे. मुसाफिरासाठी जुहर, असर आणि इशाचे फर्ज चारऐवजी दोन रकात होतात. फज्र आणि मगरिब तशीच. किती अंतरापासून आणि किती दिवसांच्या मुक्कामापर्यंत ही सवलत आहे, याबद्दल आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना निघण्याआधी विचारा. जानमाज, पाण्याची बाटली आणि मोबाईलमध्ये किब्ला, एवढं जवळ असलं की घाटातल्या मोकळ्या जागेवरही नमाज होते. मात्र रस्त्याच्या वळणावर किंवा कड्याच्या टोकावर उभं राहू नका.

जेवणाचा प्रश्न लांबच्या प्रवासात येतो. पहिल्या दिवसाचं जेवण घरून न्यावं. पुढे हलाल मिळेल तिथं खावं, नाही मिळालं तर साधं शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं. पण एक गोष्ट कुटुंबप्रमुखांनी मनावर घ्यावी. आपल्याकडे सहलीला निघताना गॅस, कुकर, मसाल्याचे डबे गाडीत चढतात आणि अम्मी तिथंही स्वयंपाकच करते. आदल्या रात्री चपात्या, पोहोचल्यावर बिर्याणी, परतल्यावर भांडी आणि कपडे. बाकी सगळ्यांची सुट्टी होते, तिची होत नाही. निदान एका वेळचं जेवण बाहेर घ्या, चहा-नाश्ता पुरुषांनी करा. सामान भरणं-उतरवणं मुलांनी करावं. घरच्यांशी सगळ्यात चांगलं वागणारा तोच चांगला, ही शिकवण आपण जलशात ऐकतो. चार दिवसांच्या सफरमध्ये ती पाळायला सोपी संधी मिळते.

निघण्याच्या आदल्या रात्री

घरातले सगळे एकत्र बसा आणि एवढ्या गोष्टी ठरवा. पाण्याजवळ कोण कोणत्या मुलावर लक्ष ठेवणार. कुणी हरवलं तर कुठं भेटायचं. लहान मुलांच्या खिशात घरच्यांचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी. साखर आणि बीपीची औषधं दोन दिवस जास्त, आणि ती मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत. जिथं जाणार तिथलं हवामान आणि समुद्रकाठी जाणार असाल तर भरतीची वेळ. आणि कुठं जातोय, कधी परतणार, हे शेजाऱ्याला किंवा भावाला सांगून ठेवा.

हवामान खात्याने त्या जिल्ह्यासाठी लाल किंवा नारिंगी इशारा दिला असेल तर बेत पुढे ढकला. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर बुडू द्या. मुलं रडतील, रुसतील, पण पुढच्या महिन्यात त्यांना घेऊन जाता येईल. मग सफरची दुआ पढा, सीटबेल्ट लावा आणि निघा. अल्लाह आपल्या सगळ्यांना आफियतने नेवो आणि आफियतने घरी आणो.